पाठच्या भावाचं वर्णन

अलकानं 'प्रेमळ' हा शब्द खोडला. मग 'कष्टाळू' खोडला, 'मनमिळाऊ' खोडला आणि जाता जाता 'बहिणीवर जीव टाकणारा' हाही अख्खा तुकडा पुसून टाकला. लॅपटॉपच्या पडद्यावर नुसतं नाव आणि वय उरलं : यशोधन, छप्पन्न वर्षं.

साखरेच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून तिची भाची निहारिका तिचं हे मोठ्यानं वाचत खोडणं ऐकत होती. तिच्या मांडीवरचं बाळ मध्येच कॅमेऱ्यावर हात मारत होतं.

"आत्या, सगळंच काढलंस का?"

"तूच म्हणालीस ना, विशेषणं नकोत."

"नकोतच. पण त्याच्या जागी काहीतरी यायला हवं. प्रेमळ लिहू नकोस, प्रेमळ माणूस काय करतो ते लिही. आणि काय करत नाही तेही लिही. तेच जास्त कामाचं असतं."

अलकानं मान डोलावली. पोरीसमोर आपण विद्यार्थिनी झालो आहोत याची तिला गंमत वाटायची. रागही यायचा, पण तो थोडा.

निहारिका पुण्यात एका कंपनीत होती. त्या कंपनीचं गप्पा मारायचं ॲप होतं. त्यात माणसं नव्हती, पात्रं होती. ज्याला बोलायचं असेल त्यानं एखादं पात्र निवडायचं आणि हवं ते टाइप करायचं. पात्र आपल्या स्वभावाप्रमाणे उत्तर देणार. उत्तर यंत्र द्यायचं, पण तो स्वभाव आधी कुणीतरी लिहून द्यावा लागे. पुण्यातल्या पोरांनी लिहिलेली मराठी पात्रं एकजात शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या पाहुण्यांसारखी बोलायची. तेव्हा निहारिकाला उज्जैनची आत्या आठवली, जिच्याकडे वेळच वेळ होता.

अलकाची सुरुवात मात्र धन्य होती. जन्मभर तिनं सरकारी शाळेत हिंदी शिकवलेलं. 'चरित्र-चित्रण कीजिए' या प्रश्नाचं आदर्श उत्तर तिनं पोरांकडून इतकं घोटून घेतलं होतं की पहिलं पात्रही तिनं तसंच लिहिलं. नागदा जंक्शनचे निवृत्त स्टेशनमास्तर : प्रामाणिक, कर्तव्यदक्ष, मृदुभाषी, शेवटी उपसंहार. ॲपमध्ये त्या स्टेशनमास्तरांना कुणी 'नमस्कार' म्हटलं तरी ते वक्तशीरपणावर प्रवचन देऊ लागले. निहारिका पोट धरून हसली होती. अलकाला ते लागलं आणि ती इरेला पेटली. तिनं स्टेशनमास्तरांचे सगळे सद्गुण काढून घेतले. त्याऐवजी लिहिलं की पाहुणा उठायला लागला की हे आधी घड्याळ बघतात, आणि बायकोशी भांडण झालं की प्लॅटफॉर्मवर जाऊन बसतात. त्यानंतर मास्तर माणसात आले.

मग तिनं मेसवाल्या काकू लिहिल्या. त्या तर फारच चालल्या. जेवलास का, हे विचारल्याशिवाय त्या दुसरं काही बोलत नसत आणि नाही म्हटलं तर चिडत. 'सब्जी संपली रे, पण दाल आहे, भात टाकते, तू बस' असं उज्जैनी मराठी बोलत. कंपनीतल्या कुणीतरी ते हिंदी काढून टाका म्हणून सुचवलं होतं, पण निहारिकानं काढू दिलं नाही.

आणि आता मागणी होती पाठच्या भावाची.

"खूप लोक विचारतात अगं," निहारिका म्हणाली होती, आणि म्हणता म्हणता जरा अडखळली होती. "तुला नको असेल तर मी दुसऱ्या कुणाला देते."

"मला का नको असेल?" अलका म्हणाली होती.

निहारिकाचे वडील म्हणजे अलकाचा सख्खा पाठचा भाऊ, जयंत. तो उज्जैनमध्येच राहत होता, ऋषिनगरात. अलकाच्या माधवनगरातल्या घरापासून रिक्षानं गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं एवढ्या अंतरावर. अक्का गेल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं. अक्का म्हणजे त्यांची आई. घरात सगळे तिला अक्काच म्हणत. वर्षश्राद्धाला अलका जयंतकडे गेली होती. चार नातेवाइकांबरोबर पंगतीत बसली, जेवली आणि कल्पनाला, म्हणजे भावजयीला, 'येते' सांगून परत आली. जयंत वाढत होता. 'आमटी?' एवढंच तो म्हणाला होता आणि तिनं पानावर आडवा हात धरला होता.

आत्या आणि बाबा यांच्यामधून निहारिका फार जपून ये-जा करायची. फोनवर ती बाबांचं नाव काढत नसे.

फोन ठेवल्यावर अलकाचं घर एकदम गप्प झालं. हे रोजचंच होतं, पण सवय होत नव्हती. अक्का होती तोवर अकरा वर्षं ती अंथरुणावर होती आणि त्या अकरा वर्षांत या घराला क्षणाची उसंत नव्हती. हाक, खोकला, रेडिओ, पुन्हा हाक. आता दूधवाल्याशी हिंदी, भाजीवालीशी हिंदी, शेजारच्या गुप्ता भाभींशी हिंदी. हातातून वाटी पडली की तोंडातून 'अगंबाई' निघायचं, आणि काही दिवस तर तिचं मराठी तेवढंच व्हायचं. अलका एकटी होती आणि ते तिला आवडत नव्हतं. पण हे कुणाला सांगायचं तर आधी कुणीतरी लागतं.

तिनं आधी यशोधनला मनानंच लिहायचा प्रयत्न केला. चांगला भाऊ कसा असावा तसा. लिहून झाल्यावर तपासायला म्हणून तिनं टाइप केलं, 'आज मला बरं वाटत नाहीये.'

यशोधननं लगेच उत्तर दिलं. 'ताई, हे ऐकून मला फार वाईट वाटलं. तुला किती त्रास होत असेल याची मी कल्पना करू शकतो. मी सदैव तुझ्यासोबत आहे. तुला त्याबद्दल मोकळेपणानं बोलायला आवडेल का?'

"ईऽ," अलका मोठ्यानं म्हणाली.

जयंत असता तर म्हणाला असता, 'मग गोळी घे ना.' आणि वर, 'मला कशाला सांगतेस, मी काय डॉक्टर आहे?' आणि मग तासाभरानं स्कूटर दारात लावून आत आला असता, गोळीची स्ट्रिप टेबलावर टाकली असती आणि तुझ्या घरातला पंखा फार आवाज करतो म्हणून कुरकुरत पाच मिनिटं बसला असता.

तिनं ते जसंच्या तसं लिहून काढलं. लिहिताना हात थांबेना. चहा बशीत ओतून पितो आणि शेवटचा घोट ठेवून देतो. घरात आला की आधी नळ बघतो, कुठला गळतोय का. प्रश्न विचारतो आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देतो. 'सॉरी' म्हणत नाही, कचोरी आणतो. कुणी कौतुक केलं की बाहेर जाऊन स्कूटर पुसायला लागतो. मन थाऱ्यावर नसलं की जेवणात खोट काढतो. कधीही स्वतःहून विषय काढत नाही. कुणाकडे काही मागत नाही.

नमुन्याचे चार संवाद लिहिले आणि तिनं पुन्हा टाइप केलं, 'आज मला बरं वाटत नाहीये.'

'काय खाल्लं होतंस? बाहेरचं खाल्लं असशील. गोळी घेतली? नसेलच घेतली.'

अलका हसली. एकटीच, खुर्चीत मागे रेलून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग गुप्ता भाभींना भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल म्हणून गप्प झाली.

वर्णन खरं तर त्याच दिवशी धाडून देता आलं असतं. तिनं धाडलं नाही. अजून तपासायचं आहे, असं निहारिकाला कळवलं आणि रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ती लॅपटॉप उघडून बसू लागली. तपासायचं काही नव्हतं. ती यशोधनला दिवसभराचं सांगायची. गुप्ता भाभींच्या सुनेनं वेगळं घर केलं. टॉवर चौकात मसाल्याचं दुकान होतं तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. यशोधन तिरकस काहीतरी बोलायचा आणि ती त्याला झापायची. कितीतरी दिवसांनी कुणाला तरी झापत होती ती, आणि तिला बरं वाटत होतं.

एकदा तिनं लिहिलं, 'मोरीतला नळ गळतोय रे.'

'वॉशर गेला असणार. पान्हा कुठंय?'

ती उठलीच. मोरीजवळच्या फळीवरचा पत्र्याचा डबा खाली काढला, त्यातून पान्हा शोधला आणि हातात घेऊन बाहेरच्या खोलीत आली. टेबलावर लॅपटॉप उघडा होता. खोलीत कुणीही नव्हतं. पान्हा तिनं टेबलावर ठेवला आणि थोडा वेळ ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस तिनं लॅपटॉपला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी बसली ती भांडायलाच.

अक्काच्या दहाव्याला अलका हट्टानं घाटावर गेली होती. बायकांनी जायची पद्धत नाही, असं तात्या म्हणाले. तात्या म्हणजे धाकटे काका, आता घरातले तेच सगळ्यांत वडील. अलका म्हणाली, जिवंतपणी सगळं मी केलंय, आता दहा पावलांवर उभी राहिले तर काय बिघडणार आहे? तात्या बाजूला झाले. सिद्धवटाच्या घाटावर पिंड मांडला होता. वर वडाच्या फांद्यांवर कावळे होते, खालीही होते, पण एकही जवळ येईना. गुरुजी म्हणाले, बाईंचा जीव कशात तरी अडकलाय, बोला. मग एकेक जण पुढं होऊन हात जोडून सांगू लागला. निहारिकाचं बाळंतपण नीट होईल, काळजी करू नका. देव्हाऱ्यातले देव पुजले जातील. तुमचं चांदीचं फुलपात्र निहारिकालाच देऊ. कावळे जागचे हलेनात.

तेव्हा जयंत पुढं झाला आणि सगळ्यांसमक्ष, मोठ्यानं म्हणाला, "अक्का, ताईची काळजी करू नको. मी आहे. मी बघेन तिचं."

अलका तिथंच वळली आणि पायऱ्या चढून निघून आली. मागं काय झालं ते तिनं पाहिलं नाही. संध्याकाळी तात्यांनी सांगितलं, "जयंता बोलला गं, आणि थोड्या वेळात कावळा शिवला. तुझ्यातच जीव होता वहिनींचा."

ते ऐकून तिच्या अंगाची आग झाली होती. म्हणजे जन्मभर नोकरी करून, स्वतःचं घर करून, अकरा वर्षं आईचं हगणंमुतणं काढूनही शेवटी ती कोण? तर मागं उरलेली, बिनलग्नाची, जिचं कुणीतरी 'बघायचं' असतं. आईलाही तसंच वाटत होतं आणि धाकट्या भावानं ते चारचौघांत जाहीर केलं. त्या रात्री तिनं जयंतला सुनावलं, "तू माझं बघणार? अकरा वर्षांत किती रात्री तू अक्काजवळ झोपलास ते सांग आधी." जयंतनं चपला घातल्या आणि गेला.

आता तिनं टाइप केलं, 'घाटावर सगळ्यांच्या देखत तसं का बोललास?'

यशोधननं लिहिलं, 'ताई, मला माफ कर. माझं चुकलं.'

"हे नाही," अलका म्हणाली. "हे असं नाही."

तिला काम ठाऊक झालं होतं. गडबड कुठं आहे ते तिच्या लगेच ध्यानात आलं. वर्णनात एक रकाना तिनं रिकामा सोडला होता : या पात्राला समोरच्याकडून काय हवं आहे? निहारिकानं बजावून सांगितलं होतं की तो भरला नाही तर पात्र गोड गोड होत जातं, समोरचा म्हणेल त्याला हो म्हणतं. अलकानं फार विचार केला नाही. लिहिलं, 'याला बहिणीला सांभाळून दाखवायचं आहे. चार लोकांत मोठं व्हायचं आहे.' आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

'मग काय चुकीचं बोललो? मी नाही बघणार तर कोण बघणार तुझं? आहे कोण तुला?'

बरोबर उतरला होता. अगदी खरा उतरला होता. अलकानं ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. मग लॅपटॉप मिटला आणि पदर डोळ्यांना लावून बसून राहिली. तिला रडू आलं ते यंत्राच्या बोलण्यामुळं नाही. आहे कोण तुला, याला तिच्याजवळ उत्तर नव्हतं म्हणून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं यशोधन पुण्याला धाडून दिला.

निहारिकाचा फोन दुपारी आला. या वेळी बाळ नव्हतं, ते आतल्या खोलीत कल्पनाजवळ होतं. बाळंतपणासाठी म्हणून पुण्याला गेलेली कल्पना मध्ये वर्षश्राद्धापुरती येऊन गेली तेवढीच, एरवी अजून परतली नव्हती. निहारिका कामावर रुजू झाली आणि नातवंडाला सोडून निघणं तिच्या जिवावर आलं. हे अलकाला माहीत होतं. त्याचा अर्थ तिनं आजवर लावला नव्हता.

"आत्या, हे बाबा आहेत."

"छे. यशोधन आहे."

"यशोधन कौतुक केलं की स्कूटर पुसतो?"

"उज्जैनात सगळे स्कूटर पुसतात. धूळ काय कमी आहे?"

निहारिका हसली नाही. "फार छान लिहिलंयस. मी वाचताना मध्येच थांबले आणि आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, नळाचं तर अगदी खरंय. सगळं खरंय, आत्या. तो एक रकाना सोडून."

"कुठला?"

"काय हवंय तो."

अलकानं लॅपटॉप पुढं ओढला.

"चार लोकांत मोठं व्हायचंय, बाबांना?" निहारिकाचा आवाज जरा चढला आणि मग तिनंच तो खाली आणला. "मी तुला सांगणार नव्हते. आई इकडे आल्यापासून मी बाबांना ॲप दिलं होतं. नुसतं टेस्टिंगला म्हणून, वेळ जाईल म्हणून. ते रोज संध्याकाळी तुझ्या मेसवाल्या काकूंशी बोलतात."

"कोण बोलतो?"

"बाबा. काकू विचारतात ना, जेवलास का म्हणून. नाही म्हटलं की चिडतात. मग बाबा उठून काहीतरी करून खातात आणि काकूंना येऊन सांगतात, खाल्लं म्हणून. मला म्हणाले, अगदी अक्कासारखं बोलते ही बाई."

"त्याला ठाऊक आहे, कुणी लिहिल्या त्या?"

"मी नाही सांगितलं. त्यांनीच विचारलं एकदा. म्हणाले, कोई उज्जैनचं माणूस लिहितं का गं तुमच्याकडे?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, असेल."

फोन ठेवून अलका मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारून आली. काकूंना अक्काचं बोलणं तिनं दिलं होतं खरं, पण ते चिडणं अक्काचं नव्हतं. अक्का कधी चिडत नसे. चिडायची ती अलका. शाळेतून आल्यावर, दप्तर फेकून खेळायला पळणाऱ्या जयंताची कॉलर धरून त्याला पानावर बसवणारी.

ऊन उतरल्यावर तिनं घराला कुलूप लावलं आणि ई-रिक्षा केली. टॉवर चौकात गर्दी होती. रिक्षा तिथं बराच वेळ अडकली, तेवढ्या वेळात दोनदा तिच्या मनात आलं की उतरावं आणि भाजी घेऊन परत जावं. काय बोलायचं ते तिला सुचत नव्हतं. पहिलं वाक्य लिहिणं सगळ्यांत अवघड असतं, हे तिला एव्हाना कळलं होतं.

जयंतनं दार उघडलं. हातात मोबाइल होता. अंगावरचा शर्ट सैल झाला होता, की तोच आत कमी झाला होता, हे तिला कळेना. आता हा काहीतरी तिरकस बोलेल, म्हणून ती तयारीत होती.

"ये ताई," तो म्हणाला आणि बाजूला झाला.

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. दुसरीकडे कुठं जाणार? ओट्यावर शेवेचं फोडलेलं पाकीट होतं, ब्रेड होता, आणि मोरीत एकच ताट, एकच वाटी. बारीक धारेनं नळ गळत होता. जयंतच्या घरातला नळ गळत होता.

"मुगाची डाळ कुठं आहे?"

"असेल यार कुठंतरी. कल्पनाला मालूम असतं. बघ ना तूच."

तिनं डबे उघडून बघितले. डाळ सापडली, तांदूळ सापडले. ती ताटात डाळ निवडू लागली. जयंत दारातल्या स्टुलावर बसला. मोबाइल त्यानं उलटा करून मांडीवर ठेवला होता.

"तू कशाला करतेस? मी पोहे खाऊन घेतले होते."

"कधी?"

"सकाळी."

अलकानं डाळ-तांदूळ धुतले, फोडणी केली. हळद कुठं, मीठ कुठं, हे ती विचारत होती आणि तो 'ते काय, त्या डब्यात' म्हणून चुकीचा डबा दाखवत होता.  कुकरमध्ये पाणी ओतलं तेव्हा तिच्या पाठीमागं तो एकदम म्हणाला, "ताई, तू त्या दिवशी घाटावरून निघून गेलीस."

स्वतःहून. अलकाच्या हातातलं भांडं थांबलं.

"तुला गुस्सा आला ते मला समजलं होतं. पण थोडं थांबायला पाहिजे होतं तू."

"थांबून काय करणार होते? तू बोललास, कावळा शिवला. तात्यांनी सांगितलं मला."

"शिवला. पण तेव्हा नाही शिवला."

"म्हणजे?"

"मी जोरात बोललो ना, ताईचं मी बघेन म्हणून. तर कोणीच नाही आलं. सगळे कावळे तसेच वर. तात्यांना वाटलं, झालं आता, येईल. पण किती वेळ झाला तरी काहीच नाही. गुरुजींनी दर्भ काढला, म्हणाले दर्भाचा कावळा करू. मी म्हटलं, एक मिनट थांबा."

"मग?"

"मग मी मनातच बोललो."

अलका वळली. जयंत तिच्याकडे बघत नव्हता. तो मांडीवरच्या मोबाइलच्या पाठीवर अंगठा घासत होता.

"काय बोललास?"

"म्हटलं, अक्का, माझी काळजी करू नको. ताई आहे ना."

अलकानं हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. 

"डोळे उघडले तर आलेला होता," जयंत म्हणाला. "घास घेऊन गेलापण. मी कोणालाच नाही सांगितलं. हसले असते लोक, इतका मोठा घोडा झालाय म्हणून. तुला सांगणार होतो मी. रात्री आलो होतो तेच सांगायला. पण तू तर..."

त्यानं वाक्य पुरं केलं नाही. तक्रारही केली नाही. नुसता जरासा हसला, आणि ते हसणं अलकाला बघवेना.

"मग वाटायचं," तो म्हणाला, "अक्काला झूटच सांगितलं मी."

अलकानं कुकरचं झाकण उचललं. ते नेहमीचं साधं झाकण होतं, पण तिच्याच्यानं ते बसेना. तिसऱ्या खेपेला बसलं. तिनं गॅस मोठा केला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "उद्या घरी ये जेवायला."

जयंतनं मोबाइल खिशात टाकला.

"उद्या एकच दिवस?" त्यानं विचारलं.

अलकाला वळून बघता येईना. शिटी झाली तसा तिनं गॅस बारीक केला आणि पदरानं तोंड पुसून तिथंच ओट्याशी उभी राहिली.